खोट्या किल्लीचा शोध

आपल्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभे राहिले की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक मुलांच्या शाळांचा आणि दुसरा थायरॉइडचा. "सकाळी उठल्याबरोबर आधी गोळी, मग अर्ध्या तासाने चहा" हे वाक्य मी इतक्या काकू-मावश्यांच्या आणि मैत्रिणींच्या तोंडून ऐकले आहे, की ते मंडळाच्या घटनेतच लिहिलेले असावे असे वाटते. पण ही ग्रंथी बिघडते म्हणजे नेमके काय होते, असे विचारले तर उत्तर बहुधा "आयोडीन कमी पडतं" किंवा "टेन्शन, दुसरं काय!" असे येते.

मी डॉक्टर नाही. पुण्यात इंजिनिअरिंग करून एम.एस्सी.साठी न्यूकॅसलला आले आणि गेली वीसेक वर्षे बँकांच्या संगणकप्रणाली सांभाळण्याचे काम करते आहे. थायरॉइडशी माझी ओळख झाली ती पेशंट म्हणून. माझ्या आजाराचे नाव ग्रेव्हज डिसीज. माझ्या रिपोर्टवरच्या एका आकड्याचा अर्थ लावता लावता मी त्या आकड्याच्या इतिहासात शिरले आणि एखाद्या रहस्यकथेत गुंतावे तशी गुंतत गेले. ही कथा न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंत पसरलेली आहे, पण तिची काही महत्त्वाची प्रकरणे इथे, आपल्या लंडनमध्ये आणि न्यूकॅसलमध्ये घडली. म्हणून ती या अंकातून तुम्हा सर्वांना सांगावीशी वाटली.

नावे तिघांची, कारण कोणालाच ठाऊक नाही

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची जेमतेम वीस ग्रॅम वजनाची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, सगळ्या शरीराच्या कामाचा वेग ठरवते. ते कमी पडले तर माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, वजन वाढते. जास्त झाले तर छाती धडधडते, हात कापतात, खाल्लेले अंगी लागत नाही, झोप उडते. यातल्या दुसऱ्या अवस्थेचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे ग्रेव्हज डिसीज. काही रुग्णांचे डोळेही त्यात बाहेर आल्यासारखे दिसू लागतात.

हा आजार बाथ शहरातल्या केलेब पॅरी या डॉक्टरांनी १७८६ साली पाहिला होता, पण त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापले गेले. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली गळा सुजलेल्या आणि छाती धडधडणाऱ्या स्त्रियांचे वर्णन केले. १८४० मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बाझेडो यांनी गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे ही तीन लक्षणे एकत्र मांडली. म्हणून इंग्रजीत हा ग्रेव्हजचा आजार, तर जर्मनीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी तो बाझेडोचा. नावावरून दोन मते झाली, पण कारण मात्र पुढे शंभरहून अधिक वर्षे कोणालाच सापडले नाही.

गंमत म्हणजे कारण कळण्याआधीच उपचार सापडले. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांना थायरॉइडच्या शस्त्रक्रियेवरील कामासाठी १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४१ मध्ये बोस्टनच्या सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन रुग्णाला पहिल्यांदा दिले. १९४३ मध्ये एडविन अ‍ॅस्टवूड यांनी ग्रंथीचे काम मंदावणारे थायोयुरासिल हे औषध वापरून दाखवले. शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीन आणि गोळ्या हे तीन मार्ग अजूनही उपचारांचा कणा आहेत. ते तिन्ही ग्रंथीवर चालतात. ग्रंथीला हैराण करणारा जो कोणी आहे, त्याला यातला एकही उपचार थेट हात लावत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

संशय चुकीच्या माणसावर

थायरॉइड स्वतःच्या मर्जीने काम करत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टी.एस.एच. नावाचे संप्रेरक सोडते. तेच थायरॉइडला मिळालेला हुकूम. थायरॉइडच्या पेशींवर या टी.एस.एच.साठी खास जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. टी.एस.एच. ही किल्ली आणि रिसेप्टर हे कुलूप समजा. किल्ली बसली की पेशी थायरॉक्सिन तयार करू लागते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की पिट्यूटरी किल्ल्या पाठवणे कमी करते. नळाखालची टाकी भरली की बोंडा वर येऊन पाणी आपोआप थांबावे, तशी ही सोय आहे.

त्यामुळे ग्रेव्हजमध्ये थायरॉइड बेफाम चालते ती पिट्यूटरी जास्त टी.एस.एच. सोडत असणार म्हणून, असा तर्क १९५०च्या सुमारास अनेकांनी केला होता. तो चुकीचा होता, पण अगदी सरळ आणि पटण्यासारखा होता. फक्त रुग्णांच्या रक्तात ते जास्तीचे टी.एस.एच. मोजून दाखवायचे बाकी होते.

दुसरी एक अडचण होती ती अधिकारवाणीची. रोगप्रतिकारशास्त्राचे आद्य पुरुष पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मांडले होते, की शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध शस्त्र चालवण्यापासून स्वतःला रोखते. या कल्पनेला त्यांनी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असे भारदस्त लॅटिन नाव दिले. एर्लिख यांना १९०८ साली नोबेल मिळाले आणि त्यांचा शब्द जवळजवळ वेदवाक्य झाला. आपल्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, जंतूंशी लढतात, घरच्या माणसांवर हात उगारत नाहीत, असे पुढची अनेक दशके शिकवले गेले.

१९५६: एक वर्ष, तीन प्रयोगशाळा

मग १९५६ हे वर्ष आले. या एका वर्षात, जगाच्या तीन कोपऱ्यांत, तीन गटांनी या समजुतीला धक्के दिले.

पहिली जागा अमेरिकेतले बफेलो. तिथे एर्न्स्ट विटेब्स्की हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू प्राध्यापक होते. त्यांचे गुरू हान्स झाक्स हे खुद्द एर्लिख यांचे सहकारी, म्हणजे घराणे अस्सल! त्यांच्या हाताखालच्या नोएल रोझ या तरुण संशोधकाने सशाची अर्धी थायरॉइड काढून तिचा अर्क त्याच सशाला टोचला. घराण्याच्या शिकवणीप्रमाणे काहीच व्हायला नको होते. पण सशांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, आणि उरलेल्या अर्ध्या ग्रंथीत पांढऱ्या पेशींनी घुसून तिची नासधूस केली. विटेब्स्कींचा सहजी विश्वास बसला नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावरच त्यांनी तो छापला. ज्या घराण्यात तो नियम जन्मला, त्याच घराण्यात तो मोडला.

दुसरी जागा आपल्या पायाखालची. लंडनमध्ये गूज स्ट्रीट स्टेशनजवळ मॉर्टिमर स्ट्रीटवर मिडलसेक्स हॉस्पिटल होते. ते २००५ मध्ये बंद झाले आणि नंतर पाडले गेले. त्याचे सुंदर चॅपल तेवढे नव्या इमारतींच्या मधोमध उभे आहे. या हॉस्पिटलात डेबोरा डोनिआक यांच्या लक्षात आले, की हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे असतात तो भाग, खूप वाढलेला असतो, आणि सुजलेली थायरॉइड काढून टाकली की तो उतरतो. आयव्हन रॉइट यांनी त्यावरून ताडले, की थायरॉइडमधल्याच कशाविरुद्ध तरी ही प्रतिपिंडे असणार. त्यांनी रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी, आणि थायरॉइडचा अर्क एकत्र आणला. पांढरा साका धरला. ससे सोडून आता माणसाच्या रक्तातच पुरावा मिळाला होता.

ज्यांच्या नावाने तो आजार ओळखला जातो ते हाकारू हाशिमोटो जपानमधल्या फुकुओकाचे शल्यचिकित्सक. १९१२ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथींचे बारकाईने वर्णन करून जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे ते आपल्या गावी परतून घराण्याचा दवाखाना सांभाळू लागले आणि १९३४ साली टायफॉइडने गेले. आपल्या चार रुग्णांच्या आजाराचे मूळ लंडनमध्ये सापडेल हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता.

बफेलो आणि लंडन या दोन्ही ठिकाणी दिसले ते ग्रंथीचा नाश करणारे आक्रमण. पण ग्रेव्हजमध्ये ग्रंथी मरत नाही, उलट दुप्पट जोमाने चालते. त्याचे काय? त्याचा धागा सापडला तिसऱ्या जागी, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडच्या डुनेडिन गावी.

उशिरा आलेला आकडा

ओटागो विद्यापीठात डंकन अ‍ॅडम्स हे तरुण डॉक्टर आणि एच. डी. पर्विस हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी रुग्णांच्या रक्तातले ते 'जास्तीचे टी.एस.एच.' मोजायच्या खटपटीत होते. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. गिनीपिगच्या थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठवायचे, मग त्याला रुग्णाचे सीरम टोचायचे. सीरममध्ये टी.एस.एच. असेल तर ग्रंथी साठा बाहेर सोडणार आणि गिनीपिगच्या रक्तातला किरणोत्सार वाढणार. ही वाढ साधारण तीन तासांनी सर्वात जास्त दिसते, हे ठरलेले होते.

ग्रेव्हजच्या रुग्णाचे सीरम टोचल्यावर तीन तासांनी यायची तशी उसळी आलीच नाही. ती आली कितीतरी उशिरा, सोळा तासांच्या आसपास.

आमच्या क्षेत्रात रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अपेक्षित वेळी नोंद दिसत नाही, भलत्याच वेळी एक विचित्र आकडा दिसतो, आणि "काहीतरी गडबड झाली असेल" म्हणून तो पुसून पुढे जाण्याचा मोह होतो. अ‍ॅडम्स आणि पर्विस यांनी तो आकडा पुसला नाही. आपल्या विद्यापीठाच्याच छोट्याशा नियतकालिकात त्यांनी तो १९५६ साली छापला, आणि शीर्षकातच हा प्रतिसाद नेहमीचा नाही असे सांगितले. रुग्णाच्या रक्तात थायरॉइडला चालना देणारे काहीतरी होते हे खरे, पण ते टी.एस.एच. नव्हते.

१९५८ मध्ये मॅक्सवेल मॅकेन्झी यांनी उंदरांवर हीच चाचणी करून त्याला दुजोरा दिला. या अनोळखी पदार्थाला पुढे 'लाँग-अ‍ॅक्टिंग थायरॉइड स्टिम्युलेटर', थोडक्यात लॅट्स, असे नाव पडले. १९६४ साली स्टॅनफर्डच्या जोसेफ क्रिस यांनी तो वेगळा करून दाखवला, तेव्हा तो गॅमा ग्लोब्युलिन निघाला. म्हणजे प्रतिपिंड! उशिराचे कोडेही सुटले. टी.एस.एच. रक्तात तासाभराच्या आतच निम्मे होते, तर या जातीचे प्रतिपिंड निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. शिवाय थायरॉक्सिन वाढले म्हणून पिट्यूटरी आपल्या किल्ल्या थांबवते, पण प्रतिपिंडांना थांबवायला कोणी नाही. टाकी भरली तरी पाणी चालूच.

रुमाल टाकून धरलेली जागा

इथे कथा संपायला हवी होती, पण संपली नाही. उंदरांच्या चाचणीत लॅट्स सापडायचे ते निम्म्याच्या आसपास रुग्णांत. उरलेल्यांचे काय? शंका घेणारे म्हणू लागले, की लॅट्स हा आजाराचा एक परिणाम असेल, कारण नव्हे. आक्षेप रास्त होता.

उत्तर पुन्हा डुनेडिनहून आले. माणसाच्या थायरॉइडचा अर्क लॅट्समध्ये मिसळला की तो लॅट्सला शोषून घेतो, हे माहीत होते. १९६७ मध्ये अ‍ॅडम्स आणि केनेडी यांनी त्या अर्कात आधी 'लॅट्स नसलेल्या' रुग्णांचे सीरम मिसळले. मग पाहतात तो लॅट्स शोषले जाईना! एस.टी.च्या खिडकीतून आधीच कोणी रुमाल टाकून जागा धरून ठेवावी, तशी अर्कातल्या जागा कोणीतरी अडवल्या होत्या. म्हणजे या रुग्णांतही प्रतिपिंडे होती. फक्त ती माणसाच्याच कुलपात बसत होती, उंदराच्या कुलपात नाही. चूक रुग्णांत नव्हती, मोजण्याच्या साधनात होती. १९७४ मध्ये अ‍ॅडम्स यांच्या गटाने असा प्लाझ्मा प्रत्यक्ष माणसांना देऊन त्यांची थायरॉइड उत्तेजित होते, हेही दाखवले.

त्याच १९७४ साली न्यूकॅसलच्या बर्नार्ड रीस स्मिथ आणि रेजिनल्ड हॉल यांनी उंदीर, गिनीपिग सगळे बाजूला ठेवले. माणसाच्या थायरॉइड पेशींचे आवरण घेतले, त्यावर किरणोत्सारी टी.एस.एच. सोडले आणि सोबत रुग्णांची प्रतिपिंडे. प्रतिपिंडांनी टी.एस.एच.ला त्याच्या जागेवर बसू दिले नाही. दोघांचे भांडण एकाच खुर्चीसाठी होते, आणि ती खुर्ची म्हणजे टी.एस.एच.चा रिसेप्टर. शरीराने स्वतःच एक खोटी किल्ली घडवली होती, आणि ती खऱ्या कुलपात बसून फिरत होती.

मी न्यूकॅसलला शिकत होते तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. नंतर माझ्या रिपोर्टवर जी 'टी-रॅब' चाचणी आली, म्हणजे टी.एस.एच. रिसेप्टरवरच्या प्रतिपिंडांची मोजणी, तिचे मूळ याच शहरातल्या त्या खुर्चीच्या भांडणात आहे.

"ग्रंथी काढली ना? मग आता काय?"

आता माझी गोष्ट. तिशीच्या सुरुवातीला ग्रेव्हजचे निदान झाले. गोळ्यांनी आजार दोनदा आटोक्यात येऊन दोनदा उलटला, म्हणून शेवटी शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढून टाकली. नंतर रोजची थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, टी.एस.एच. जागेवर आला, आणि सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला. दोन वर्षांनी दिवस राहिले. बाळंतपणासाठी आई पुण्याहून आली.

पाचवा महिना लागता लागता एका तज्ज्ञ बाईंनी माझा जुना इतिहास वाचून टी-रॅब तपासायला सांगितले. आकडा कमाल मर्यादेच्या कितीतरी पट आला. त्यानंतर दर काही आठवड्यांनी पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके आणि गळ्याची सोनोग्राफी सुरू झाली. आईला काही केल्या उमजेना. ती म्हणाली, "अगं, तुझी ती ग्रंथी काढून टाकली ना? मग आता पुन्हा तिचं काय?"

आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच वर सांगितलेला सगळा इतिहास आहे. कुलूप काढून टाकले तरी खोट्या किल्ल्या घडवणारा कारागीर रक्तात तसाच बसलेला असतो. माझ्याकडे कुलूपच उरले नव्हते, म्हणून मला त्या किल्ल्यांचा उपद्रव नव्हता. पण या जातीची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. निसर्गाने ही वाट ठेवली आहे ती आईची रोगांविरुद्धची ताकद बाळाला मिळावी म्हणून. त्याच वाटेने या किल्ल्याही जातात. आणि बाळाकडे तर नवे कोरे कुलूप असते, जे साधारण विसाव्या आठवड्याच्या सुमारास चालू लागते.

मॅकेन्झी आणि क्रिस यांच्यासारख्या संशोधकांनी १९६४-६५ मध्येच ग्रेव्हज असलेल्या आयांच्या धडधडत्या छातीच्या नवजात बाळांमध्ये लॅट्स मोजले होते. बाळाच्या रक्तातून ते हळूहळू ओसरते, आणि तसतसा आजारही ओसरतो. त्या बाळांनी एक प्रकारे सिद्धच करून दाखवले, की आजाराचे कारण आईच्या रक्तातून आलेले हे प्रतिपिंडच होते. ग्रेव्हज असलेल्या आयांच्या बाळांपैकी फार थोड्यांनाच, शंभरात एक ते पाच जणांना, हा त्रास होतो. पण वेळेवर ओळखला नाही तर तो जिवावर बेतू शकतो.

आमची लेक त्या थोड्यांपैकी निघाली. जन्मानंतर काही दिवसांत तिचे ठोके वाढले, दूध पिऊनही वजन वाढेना. पण डॉक्टर वाटच पाहत होते, त्यामुळे औषध लगेच सुरू झाले. अडीच महिन्यांनी, तिच्या रक्तातली माझी प्रतिपिंडे सरली तेव्हा, औषध बंद झाले. आज ती शाळेच्या टीममध्ये नेटबॉल खेळते, आणि तिच्या गळ्याला काही एक झालेले नाही.

हीच प्रतिपिंडे कधी कधी उलटेही वागतात. किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही, नुसती अडकून बसते. मग खरी किल्लीही बसत नाही आणि थायरॉइड मंदावते. १९८० मध्ये जपानी डॉक्टरांनी अशा प्रतिपिंडांमुळे एकाच आईच्या बाळांची थायरॉइड जन्मतः काही काळ मंद राहिल्याचे दाखवले होते. म्हणून "थायरॉइड जास्त" आणि "थायरॉइड कमी" हे दिसायला दोन टोकांचे आजार, पण मूळ एकाच घरचे असू शकते.

कुलूप दिसले

१९८९ साली ब्रुसेल्सच्या जिल्बेर व्हासार यांच्या गटाने कुत्र्याच्या थायरॉइडमधून टी.एस.एच. रिसेप्टरचा जीन शोधला, आणि पाठोपाठ माणसाचाही मिळाला. तोपर्यंत फक्त वागणुकीवरून ओळखलेले कुलूप आता हातात आले. २००३ मध्ये रीस स्मिथ यांच्याच गटाने, आता कार्डिफहून, एका रुग्णाच्या रक्तपेशींपासून ती खोटी किल्ली शुद्ध स्वरूपात मिळवली. २००७ मध्ये ती कुलपात बसलेली असतानाचे स्फटिकचित्र प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडाचा आकार टी.एस.एच.सारखा मुळीच नाही, तरी ते जवळजवळ त्याच जागी, तसेच बसते. २०२२ साली आणखी प्रगत तंत्राने दिसले, की दोघेही रिसेप्टरचा बाहेरचा भाग ढकलून उभा करतात, आणि तो उभा राहिला की पेशी कामाला लागते.

दरम्यान हीच कल्पना दुसऱ्या आजारांनाही लागू पडली. १९७५ मध्ये अमेरिकेत इन्शुलिनच्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्या रुग्णांना इन्शुलिनचे मोठाले डोसही लागू पडत नव्हते. १९७३ मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचाही असाच उलगडा झाला. तिथे कुलूप नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचे.

मिठाचे काय?

आता रांगेतल्या त्या आयोडीनकडे वळू. १९५६ सालीच, आजच्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा मोठा प्रयोग सुरू केला. तिथल्या गावांतले गलगंड त्याने कमी झाले, आणि आपल्या घरातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' हा शब्द आला त्यामागे हे काम आहे. आयोडीनच्या कमतरतेने होणारे गलगंड हे खरेच. पण ग्रेव्हज आणि हाशिमोटो हे वेगळ्या वाटेचे आजार आहेत. मीठ बदलून प्रतिपिंडे जात नाहीत.

तरीही कारण बाहेर शोधायची आपली सवय जात नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा यांना १९८९ मध्ये ग्रेव्हजचे निदान झाले आणि १९९१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही तेच निघाले. तेव्हा त्यांच्या घरांतले पाणीसुद्धा तपासले गेले. पाण्यात काही सापडले नाही.

शेवटी माझ्यासारख्या मैत्रिणींना आणि त्यांच्या घरच्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुम्हाला कधीही ग्रेव्हज झाला असेल, मग ग्रंथी काढलेली असो किंवा किरणोत्सारी आयोडीनने शांत केलेली असो, तरी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आणि मिडवाइफला ते आवर्जून सांगा. टी.एस.एच. अगदी छान असला तरीही टी-रॅब विचारा. ही तपासणी गर्भारपणाच्या सुरुवातीला करतात, आणि आकडा वाढलेला असेल तर १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. आपण देश बदलतो, गाव बदलतो, जुन्या फायली पुण्या-मुंबईच्या कपाटात राहतात. नव्या डॉक्टरांना आपला इतिहास आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि लेकीला, सुनेला, भाचीला हे माहीत नसेल तर तिलाही सांगा. डुनेडिनमध्ये दोघांनी तेरा तास उशिरा आलेला एक आकडा पुसून टाकला नाही, म्हणून आमच्या लेकीचे डॉक्टर तिच्या जन्माआधीच तयारीत बसले होते.